सौर वाऱ्याची चाहूल

३ मार्च, सोमवार

रडार आजही बंद. तिसरा दिवस. तंत्रज्ञ मान वर करून अंटेनांकडे बघत उभा, मी तंत्रज्ञाकडे बघत उभी, आणि संचालक खिडकीतून आम्हा दोघांकडे. कुणाच्याच बघण्यानं काही दुरुस्त झालं नाही.

पाठ दुखतेय. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत, पण पाठीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सकाळचा चहा नवऱ्यावर होता. काल त्याच्या गणितात दिशेची चूक सापडली — पूर्वेकडचं विद्युत क्षेत्र पश्चिमेकडे! पकडली मीच. नियम म्हणजे नियम: ज्याची चूक निघेल त्यानं दुसऱ्या दिवशीचा चहा करायचा. लग्नाच्याही आधीचा नियम आहे हा. तेव्हा संस्थेतल्या विजेच्या किटलीवर, मग घरच्या गॅसवर. इतक्या वर्षांत चहा बहुतेक त्यानंच केलाय. त्याच्या चुका जास्त असतात म्हणून नव्हे, मी एकही सोडत नाही म्हणून. ‘मी बायको नाही केली, घरात परीक्षक आणून बसवलाय’ — हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो, आणि पाहुणे प्रत्येक वेळी हसतात.

चहा पाकासारखा गोड होता. ‘साखर दोनदा पडलीय,’ मी म्हणाले.

‘तुझ्या बोलण्यावर उतारा म्हणून!’

लगेच! उत्तर द्यायला स्वारी कधी चुकत नाही.

५ मार्च, बुधवार

रडार सुरू झालं. एक वायर सैल होती. चार दिवस गेले त्या वायरीपायी.

आणि आज नवऱ्याचा वेगळाच प्रकार. निवृत्तीनंतर त्याला संस्थेत मानद पद दिलंय आणि माझ्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल. ‘मानद म्हणजे मान आहे, खोली नाही,’ असं तोच म्हणतो. दुपारी त्या टेबलापाशी खुर्ची गर्रकन फिरवली आणि ओरडला, ‘अगं, आकाशाला आधीच कळतं!’

काय कळतं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे माझ्याही डोक्यात बसेल. सूर्यापासून भारलेल्या कणांचा वारा सतत सुटलेला असतो. पृथ्वीच्या अलीकडे, सूर्याच्या बाजूला पंधरा लाख किलोमीटरवर एक यान आहे. वारा आधी त्याला लागतो, मग पाऊण-एक तासानं आपल्याला. वाऱ्याबरोबर येणारं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं की पृथ्वीचं दार उघडतं, ध्रुवांकडच्या वरच्या हवेत ऊर्जा ओतली जाते आणि तिथलं विद्युत क्षेत्र बदलतं. त्याचा धक्का काही मिनिटांतच इथवर, आमच्या डोक्यावरच्या आकाशात पोचतो. आमचं रडार तेच मोजतं. वरचे कण किती वेगानं चढतात, किती उतरतात, त्यावरून क्षेत्र काढायचं. यात नवीन काही नाही. आमच्या दोघांची आयुष्यं यातच गेली.

नवीन ते पुढे. त्याच्या आलेखात आमचं क्षेत्र वारा पृथ्वीला लागण्याच्या आधीच बदलतं! एखाद्या वादळात नाही, त्यानं घेतलेल्या सगळ्या वादळांत.

‘कारणाच्या आधी परिणाम?’ मी म्हणाले.

‘चाहूल गं! वाऱ्याच्या पुढे काहीतरी धावत येतं. काय, ते शोधायचं.’

माझा विश्वास बसला नाही. पण त्याचा चेहरा! निवृत्तीनंतर दोन वर्षं हा माणूस वर्तमानपत्रातली कोडी सोडवत होता. मी म्हटलं, बघू उद्या. जास्त बोलायला जीवच नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

संचालकांच्या कानावर गेलंच. त्यानंच घातलं, दुसरं कोण घालणार! २६ तारखेला वार्षिक परिषद आहे, तिचं मुख्य व्याख्यान आता त्याचं. संचालकांना तो ‘चाहूल’ शब्द फारच आवडलाय. ‘उपग्रहवाले येतील, विमानवाले येतील. आधीच इशारा मिळणार म्हणजे!’

‘आधी तपासू तरी द्या,’ मी म्हटलं.

‘मॅडम, सरांचं काम तुम्ही तपासलं नाही असं कधी झालंय का?’

या वेळी झालंय. पण ते ऐकायला ते थांबलेच नाहीत.

८ मार्च

कपडे धुतले. वाळत घातले. झोपले. बस्.

१० मार्च, सोमवार

व्याख्यानासाठी चित्रं मी करायची. ‘तुझा हात चांगला आहे’ — म्हणजे काम तुझं, नाव माझं. सगळ्या फायली त्यानं माझ्याकडे ढकलल्या आणि खिडकीपाशी शीळ घालत बसला.

दिवसभर रडारच्या चुका शोधल्या. रडार स्वच्छ आहे. आमच्या कामात दुसरी एक हमखास चूक असते, वेळेची. यानाचं घड्याळ यानापाशी. तिथे वारा लागला ती वेळ पुढे सरकवून पृथ्वीवर आणावी लागते. नवीन माणूस रुजू झाला की याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुझं घड्याळ कुठे उभं आहे? यानापाशी की पृथ्वीपाशी?’ कित्येकांना घाम फोडलाय त्यानं या प्रश्नावर. त्यामुळे तिथे बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

जेवण झाल्यावर त्यानं रक्तदाबाची गोळी घेतली. हात पुसले. पुन्हा गोळ्यांचं पाकीट काढलं.

‘घेतलीस की आत्ता!’

‘हो का?’ ठेवून दिलं. असं होतं या वयात. माझंही होतं. होतं का?

११ मार्च, मंगळवार

सापडली.

आधी चित्रात दिसली. वारा वेगवान असला की चाहूल थोडी आधी येते, संथ असला की खूप आधी. मी दोन्ही शेजारी मांडून बघितलं. प्रत्येक वादळात चाहुलीचा वेळ म्हणजे बरोब्बर यानापासून पृथ्वीपर्यंतच्या प्रवासाचा वेळ! मग त्याच्या फायली उघडल्या. वेळ एकदा सरकवलेली. ती सरकवलेली फाईल घेऊन चार दिवसांनी पुन्हा सरकवलेली. दोन्ही वेळा त्यानंच. वारा जेव्हा खरोखर पोचला, तेव्हा याच्या आलेखात तो अजून वाटेतच होता. आकाशाला आधी कळत नाही. आकाश वेळेवरच आहे.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला! घड्याळ कुठे उभं आहे विचारणाऱ्याचंच घड्याळ मी पकडलं होतं. आठवडाभराचा चहा. महिन्याचा! काय काय बोलायचं ते जिन्यातच जुळवलं. खोलीत शिरले तर तो टेबलावर डबा ठेवत होता.

‘बरं झालं आलीस. चल, जेवून घेऊ.’

आम्ही जेवून अर्धा तासही झाला नव्हता. समोरासमोर बसून जेवलो होतो. त्यानं झाकण उघडलं. रिकामा डबा, कडेला शितं चिकटलेली. क्षणभर बघत राहिला.

‘डबा भरलाच नाहीस आज?’

मी म्हणाले, ‘विसरले.’

विसरले! मी! जन्मात कधी न केलेली चूक मी कबूल केली. तो खूश झाला. ‘उद्याचा चहा तुझ्यावर!’ म्हणाला आणि शीळ घालत कॅन्टीनकडे गेला. मी त्याच्या खुर्चीत बसून राहिले. साखर दोनदा. गोळी दोनदा. जेवण दोनदा. वेळ दोनदा. करायचं राहत नाही त्याच्याकडून. केलेलं त्याच्याजवळ राहत नाही.

१२ मार्च

चहा मी केला. त्याला म्हणाले, ‘चित्रं चालू आहेत.’ तो म्हणाला, ‘काही चूक निघाली की सांग.’ मी म्हटलं, ‘सांगेन.’

१४ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. नर्स आहे ती, दुसऱ्या शहरात. फोन करते तेव्हा नेहमी कुठल्यातरी जिन्यात असते.

‘आई, बाबानं मला काल दोनदा फोन केला. त्या चाहुलीबद्दल. दोन्ही वेळा पहिल्यापासून, तेच विनोद. मला आधी वाटलं, थट्टा करतोय.’

मी ‘बरं’ म्हणाले. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजत होती.

‘तुला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘मंगळवारपासून.’

‘त्याला सांगितलंस?’

‘नाही.’

‘आई! तू? तू मला माझ्या लग्नाच्या पत्रिकेतल्या चुका मांडवात सांगितल्यास!’

खरं आहे ते. तीन होत्या. पण त्या पत्रिकेच्या होत्या. ही चूक सांगायची म्हणजे नुसती चूक सांगून भागत नाही. तो विचारणार, ‘मी असं केलंच कसं?’ आणि त्याला अर्धवट उत्तर चालत नाही. तो मुळापर्यंत जाणार. मुळाशी काय आहे ते त्याला दाखवणारी मी व्हायचं नाही मला. आणि सांगितलं नाही तर २६ तारखेला भरल्या सभागृहात पहिल्या रांगेतला कुणीतरी उठेल आणि त्याचाच प्रश्न त्यालाच विचारेल: ‘सर, तुमचं घड्याळ कुठे उभं आहे?’ लोक हसतील. मी मागे बसून बघू?

लेक म्हणाली, ‘आधी डॉक्टर. बाकीचं मग.’ तिचं नेहमीच पटतं, म्हणून राग येतो.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याला सांगितलं, मी फार विसरायला लागलेय, सोबत चल, आणि तुझंही नेहमीचं बघून घेऊ. ‘डबा विसरलीस तेव्हाच मला शंका आली होती,’ म्हणाला आणि पाठीवर हात ठेवला. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची. तिला आधी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. तिनं दोघांना सारखेच प्रश्न विचारले. मला पाच शब्द दिले, ते मी थोड्या वेळानं म्हणून दाखवले. त्यालाही पाच दिले. त्यानं दोन सांगितले, आणि मग एक शब्द तिनं दिलेलाच नव्हता तो सांगितला. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते मात्र त्यानं इतकं सुरेख काढलं! सेकंदकाट्यासकट. ‘हे कुठे उभं आहे तेवढं सांगा,’ असं वर तिलाच विचारलं. तिला काही कळलं नाही. मी हसले. हसता आलं मला.

तो रक्त द्यायला आत गेला तेव्हा ती म्हणाली, ‘स्कॅन झालं, रक्ताचे रिपोर्ट आले, की २७ तारखेला दोघांना समोर बसवून बोलू. आत्ताच नाव द्यायची घाई करत नाही. पण तुम्ही सांगताय ते खरं आहे. ही सुरुवात असू शकते. गोळ्या तुमच्या हातात ठेवा.’

२७ तारखेला. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी!

घरी येऊन मला काहीच वाटेना. कोथिंबीर निवडली. तो कोडं सोडवत होता, उभे-आडवे शब्द मला विचारत होता. मी सांगत होते.

१८ मार्च

चहा मी. आजची चूक, म्हणजे उद्याचाही चहा माझ्यावर: दूध उतू घालवलं. मुद्दाम.

१९ मार्च, बुधवार

आजची चूक: किल्ल्या कुलपालाच ठेवल्या. हीही मुद्दाम. मनासारख्या चुका सुचतसुद्धा नाहीत. नाकी नऊ आलेत. कधी एकदा मनापासून चुकेन असं झालंय.

संचालकांकडे गेले. म्हटलं, व्याख्यान पुढे ढकला, काम अजून पक्कं नाही. ते म्हणाले, निमंत्रणं गेलीत. मी म्हटलं, दुसरा विषय ठेवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

‘मॅडम, एक विचारू? रागावू नका. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या मागे राहून काम केलंत. आता त्यांना मोठं काही मिळतंय, तर... वाटतं माणसाला. साहजिक आहे.’

हेवा! माझ्या नवऱ्याचा हेवा! त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून मारावासा वाटला. खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं. तेवढं सांगितलं असतं तर व्याख्यान तिथल्या तिथे रद्द झालं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं असतं. त्याच्या आधी इमारतीला! मी ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर आले. आता ही बाई जळते असंही कळेल सगळ्यांना. कळू दे.

२१ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं लिहायला हवं. हात चालत नाही, तरी.

परवा सूर्यावर मोठा स्फोट झाला होता. त्याचा वारा आज दुपारी यानाला लागला. चुंबकीय क्षेत्र चांगलं दक्षिणेकडे वळलेलं. असं वादळ भर दुपारी मिळायला नशीब लागतं. आम्ही दोघं रडारच्या खोलीत. डाव्या पडद्यावर यानाचे थेट आकडे, उजव्यावर आमचं आकाश.

आज फाईल नव्हती, सरकवलेली वेळ नव्हती, काही नव्हतं. त्याचं म्हणणं खरं असेल तर आमची रेघ आत्ता, या मिनिटाला हलायला हवी होती. नाहीतर वारा पृथ्वीला लागेल तेव्हा. वारा फार वेगवान होता, अर्धा तास पुरे होता त्याला.

तो पुढे वाकून बसला. ‘बघ आता,’ म्हणाला.

रेघ सरळ. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तंत्रज्ञ आला, बघून गेला. नवऱ्यानं एकदा हात पुढे करून पडद्यावरची धूळ पुसली. मला वाटलं, हलू दे. विज्ञान गेलं खड्ड्यात, एकदाच, याच्यासाठी, आधी हलू दे! चाळीस वर्षं जे शिकले त्याच्या उलट होऊ दे म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होते.

वारा पोचायची वेळ झाली आणि रेघ ताडकन वर गेली. कण वर चढायला लागले, सोसाट्यानं. जेव्हा व्हायचं तेव्हाच, जसं व्हायचं तसंच.

‘हं,’ तो म्हणाला.

मी वाट बघत होते. तोही माझ्याकडे बघत होता, बराच वेळ, जसं काही बोलायची पाळी माझी होती. मग उठला. ‘एखादा अपवाद असायचा,’ म्हणाला. ‘मी घरी जाऊन पडतो जरा.’

मी थांबले. वादळ सोडून जाता येत नाही. दिवेलागणीला रेघ खाली आली, आणि खालीच जात राहिली, नेहमीच्या उलट दिशेला. हेही ठाऊकच असतं. ध्रुवांकडे ओतलेली ऊर्जा तिथली हवा तापवते, ती तापलेली हवा हळूहळू आमच्याकडे सरकते आणि उलटं क्षेत्र तयार करते. पहिला धक्का मिनिटांत येतो आणि ओसरतो. हा दुसरा काही तासांनी येतो आणि मुक्काम ठोकतो.

सोमवारी डॉक्टरकडे मला काही वाटलं नव्हतं. आज रडारच्या खोलीत, यंत्रांच्या घुरघुरीत, मी हमसून हमसून रडले. तंत्रज्ञ दार उघडून आत आला, आणि तसाच दार लावून बाहेर गेला. भला माणूस आहे.

२३ मार्च, रविवार

दिवसभर तो फायलींपाशी. मी दोनदा खोलीत डोकावले. दोन्ही वेळा म्हणाला, ‘व्याख्यानाची तयारी.’ कागदावर दोनच रकाने होते, वर काय लिहिलंय ते मला दारातून दिसलं नाही. आज शीळ नाही.

सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला तेव्हा म्हणाला, ‘आजपण तू? आता काय केलंस?’

‘वीजबिल भरायचं विसरले.’

‘ते मी भरलं. मंगळवारी.’ मग कप खाली ठेवला. ‘भरलं ना मी?’

भरलं होतं. एकदाच. ‘हो, भरलंस,’ म्हणाले. त्यानं मान हलवली आणि चहा प्यायला. हल्ली तो माझ्याकडे फार बघतो. मी गणितं तपासताना तोंड कसं करते तसं तोंड करून.

२४ मार्च

चित्रं दिली. चूक होती तशीच ठेवून, सुबक करून दिली. माझ्या हातानं केलेलं सगळ्यात वाईट काम, आणि दिसायला सगळ्यात देखणं. त्यानं एकेक चित्र उलटून पाहिलं.

‘काही चूक?’

‘नाही,’ मी म्हणाले.

तो ‘बरं’ म्हणाला. इतक्या हळू आवाजात की मला वाटलं, तो दमलाय.

२५ मार्च, मंगळवार

आज सांगायचंच असं ठरवून उठले होते. जेवताना सांगू म्हटलं. मग जेवण झाल्यावर. मग तो शर्टाला इस्त्री करत होता तेव्हा. पांढरा शर्ट, निवृत्तीच्या दिवशी घातलेला. कॉलरला इस्त्री झाल्यावर त्यानं पुन्हा कॉलरच घेतली. मी इस्त्री त्याच्या हातातून काढून घेतली, म्हटलं, दे, मी करते. त्यानं दिली. नेहमी भांडतो, ‘मला येतं’ म्हणून. आज मुकाट्यानं दिली आणि खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिला.

लेकीचा फोन आला. ‘सांगितलंस?’ ‘नाही.’ ती रागावली नाही. ‘मी उद्या सकाळी दहापर्यंत पोचते. मागच्या रांगेत बसू दोघी.’ मग म्हणाली, ‘आई, तू जेवलीस का?’ मला आठवेना. खरंच आठवेना! घाबरले. मग सिंकमध्ये दोन ताटं दिसली आणि जीव भांड्यात पडला.

काय होतंय माझं ते लिहून टाकते, इथे तरी. मी त्याला वाचवत नाहीये. मी स्वतःला वाचवतेय. माझी एकही चूक पकडली न जाता त्याच्या चुका पकडण्यात मी संसार केला. त्याला आवडायचं ते. मलाही. आता पकडायची नाही म्हटलं तर त्याच्याशी बोलू काय, तेच मला कळत नाही. नुसती गोड बोलणारी बाई झालेय मी. दमायला होतं गोड बोलून.

उद्या अकरा वाजता व्याख्यान.

२६ मार्च, बुधवार, सकाळी

उठले तर टेबलावर चहा. दोन कप, वर बश्या झाकलेल्या. तो समोर, आंघोळ करून, पांढऱ्या शर्टात.

‘कुणाची चूक?’ मी विचारलं.

‘माझी. सरकवलेली वेळ पुन्हा सरकवली. शुक्रवारी रेघ बघितली तेव्हा शंका आली, रविवारी सापडली.’ बशीवर बोट फिरवत होता. ‘तुला पहिल्याच दिवशी सापडली असणार. तू सांगशील म्हणून थांबलो. परवा तुला विचारलंही, काही चूक? तू नाही म्हणालीस. इतक्या वर्षांत तू माझी एक चूक सोडली नाहीस. ही सोडलीस, आणि रोज चहा करत सुटलीस. डॉक्टरबाईंनी उद्या काय सांगायचं ते सांगू दे. मला कळलंय.’

‘आणि व्याख्यान?’ मी म्हणाले.

‘देणार ना! चूक कशी झाली, कुणाकडून झाली, तेच सांगणार. विषय चांगला आहे. तू पहिल्या रांगेत बस. मी तेच पुन्हा सांगायला लागलो की हात वर कर. आणि आजपासून एकही सोडायची नाही. जोवर मला समजतंय तोवर मला सांगायचं. मला गोड बोलणारी बायको नकोय.’

मी बशी काढली, चहाचा घोट घेतला.

‘साखर दोनदा पडलीय,’ मी म्हणाले.

तो उठला आणि दुसरा चहा टाकायला गेला.